मधले साडेसात तास

बेंबळी
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

अप्पा,

नमस्कार म्हणून आपलं ‘शरणार्थी’. वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. ज्या बापाशी सात वर्षं बोललो नाही त्याला एकदम तीर्थ म्हटलं तर तुम्हालाच हसू येईल.

मी आलो होतो. हे आधी लिहून टाकतो, पुढचं तुम्ही वाचाल की नाही कुणास ठाऊक. साडेचारला दारात पोचलो तर कुलूप. शेजारच्या कडूबाई मावशींनी किल्ली दिली आणि वर चार शब्दही दिले. “आत्ता आलास व्हय? अय्या गेलं की रं मठात. बारा म्हनून सांगितलं हुतं न्हवं तुला?” म्हणाल्या. सांगितलं होतं. शिवगंगानं बहिणीच्या नात्यानं फोनवर शब्द न् शब्द सांगितला होता: “अप्पा सोमवारी बाराला घर सोडणार. मठात गेले की परत येणार नाहीत, फोनसुद्धा ठेवणार नाहीत. त्याआधी गौरीनं एकदा तोंड दाखवावं म्हणाले.” एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघायला सात वर्षं लागली आणि ते ऐकून मी साडेचार तास उशिरा आलो. वा रे मी!

आता कारण ऐका. रविवारी रात्री हैदराबादहून खासगी बसनं निघालो. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतून रजा मागताना साहेबाला सांगितलं, वडलांना भेटायला जायचंय. तो म्हणाला, तुला वडील आहेत? म्हटलं, आहेत, बेंबळीत. नळदुर्गाला उतरून तुळजापूर, तिथून धाराशिव, तिथून गाव. दहाला, फार तर अकराला दारात, असा हिशोब होता. सकाळी सात वाजता जळकोटच्या अलीकडं बस जी बसली ती बसलीच. ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनाकडं बघितलं आणि तंबाखू मळत उभा राहिला.

मग मदतीला माणसं आली. अप्पा, त्या माणसांचं काय करावं मला कळत नाही. एक म्हातारा घागरभर पाणी घेऊन आला, रेडिएटरमध्ये ओतायला. रेडिएटर बिघडलेलंच नव्हतं. एका बाईनं ओटीत पेरू आणले आणि प्रत्येकाला खाऊनच दाखवा म्हणून समोर उभी राहिली. शेतात पाणी द्यायला निघालेली पोरं बस ढकलायला लागली, चढावर. प्रत्येकजण विचारत होता, कुठं निघालात, घरी कोण कोण असतं, च्या घेतला का. नळदुर्गाला जायला गाडी मिळेल का, याचं उत्तर तेवढं कुणाकडं नव्हतं. “मिळंल की. बसा निवांत,” म्हणायचे. निवांत! माझ्या फोनची बॅटरी मध्यरात्रीच संपली होती. दुसऱ्याच्या फोनवरून शिवगंगाला कळवावं तर तिचा नंबर पाठ नाही. आता कुणाचाच नंबर कुणाला पाठ नसतो.

बस दुरुस्त व्हायला दोन वाजले. मग जे मिळेल ते धरत आलो. माझी यात चूक नाही, एवढंच सांगायचं होतं.

घरात काही उरलेलं नाही. आईच्या पितळी डब्यांचे गोल डाग फळीवर आहेत, डबे नाहीत. डबे कुणाला दिलेत हे विचारणार नाही; आई गेल्यापासून या घरात काही विचारायचा हक्क मीच सोडला. पण तोंड दाखवायला आलो होतो हे खरं आहे. पत्र कडूबाईंकरवी शिवगंगाकडं देतोय, ती तुमच्या हातात देईल. ती माझा फोन उचलत नाहीये, पण कडूबाईंचा उचलते.

गौरीशंकर


हैदराबाद
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

अप्पा,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी. “व्यंकट त्याच बसमध्ये होता. नऊ वाजता दुसरी बस आली, तीत बसून तो पावणेबाराला गावात पोचला. तू साडेचारला आलास. मधल्या साडेसात तासांचं काय?” खाली सहीसुद्धा नाही. बापाचं अक्षर मुलानं ओळखावं, बरोबर.

आपल्या गावचा व्यंकट मागच्या बाकावर होता तर. मला ओळख दिली नाही त्यानं. त्याचा राग नाही. ज्यानं अय्यांच्या, स्वतःच्या बापाच्या पुढ्यात गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवलं आणि चालता झाला त्या पोराशी बेंबळीत कोण बोलणार? तेव्हाचं मी काही विसरलेलो नाही. आईला धाप लागली, निरोप्या तुमच्याकडं पाडोळीला धावत आला आणि तुम्ही तिथं कुणाच्या तरी घरी पाटावर बसून जेवत होतात. जेवण उरकून निघालात. तोवर आई दवाखान्याच्या वाटेवर गेली होती. मी हैदराबादहून आलो तेव्हा तिला आपल्या रीतीनं मातीत बसवायची तयारी झाली होती. हे सात वर्षांत रोज एकदा तरी माझं म्हणून झालंय. तुमच्या कार्डानं पुन्हा म्हणायला लावलं.

असो. खोटं लिहिलं होतं. बस दोनला दुरुस्त झाली नाही, मी आठलाच ती सोडली.

झालं असं. त्या मदतनिसांच्या गर्दीत एकजण मोटारसायकलवर आला. शरणबसप्पा नाव. माझ्याच वयाचा, अंगात नवा शर्ट, त्याला अजून कंपनीच्या घड्या. म्हणाला, “पाव्हनं, ही बस आज उठत न्हाय बगा. माझी वस्ती हितं तीन किलोमीटरवर हाय. च्या घिऊ, मंग तुमाला नळदुर्गाला सोडतो. मला बी हार आनायला तिकडंच जायचंय.” मला वाटलं, दैव उघडलं. गाडीवर बसलो.

वस्तीवर गेलो तर त्यांच्या नव्या घराची घरभरणी. मांडव घातलेला, पन्नासेक माणसं, चुलाणावर हुग्गीचं, गव्हाच्या गोड खिरीचं पातेलं. मला बसायला सतरंजी, प्यायला चहा, हातात पानाचं तबक. मी म्हणतोय, निघू या. ते म्हणतायत, निघू की. दहा मिनिटांत शरणबसप्पा गाडीची किल्ली कुणाला तरी देऊन मोकळा. ती गाडी आळंदच्या बाजूला गेली, कुणाला तरी आणायला. “येतीय अर्ध्या तासात,” म्हणे. नऊ वाजले. साडेनऊ. मला एकानं अंघोळीला गरम पाणी काढून दिलं. मी मागितलं नव्हतं! दुसऱ्यानं माझी चप्पल सावलीत नेऊन ठेवली आणि कुठं ठेवली ते त्यालाच आठवेना. फोन चार्जिंगला लावायला दिला तर नव्या घरात विजेचं मीटर बसलेलं नव्हतं. मी वैतागून बोललो की सगळे हसायचे आणि आणखी चहा यायचा. अशा माणसांशी भांडायचं तरी कसं? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडून चालत सुटलो असतो.

शेवटी जेवल्याशिवाय सोडेचनात. तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडची आग्रहाची तऱ्हा. जेवलो. एक वाजता शरणबसप्पा स्वतः मला गावापर्यंत सोडायला निघाला. नळदुर्गाला सोड म्हटलं तर ऐकेना. “माझ्यामुळं उशीर झाला, दारापातुर सोडनार.” आणि गाडी तिसाच्या वर नेईना, घरभरणीच्या दिवशी पडायला नको म्हणून. तुळजापूरच्या पुढं पंक्चर. पंक्चर काढणारा जेवायला गेलेला. म्हणून साडेचार.

हे आहेत तुमचे साडेसात तास. मला धरून ठेवलं लोकांनी. पुन्हा कार्ड पाठवायचं असेल तर यावर काय म्हणणं आहे ते लिहा. मी भेटायला येऊ का, तेही लिहा. नको असेल तर ‘नको’ लिहायला एकच ओळ पुरेल.

गौरीशंकर


हैदराबाद
रविवार, ९ मार्च २०२५

अप्पा,

या वेळी कार्ड आलं नाही, शिवगंगाचा फोन आला. आधी अर्धा तास मला झापलं. मग म्हणाली, अप्पांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि एवढंच बोलले: “आग्रहाला बळी पडणारा हा नव्हे. कुणाचं ऐकत नाही. त्याला विचार, खरं काय झालं.”

तुम्हाला अजून मी एवढा ओळखता येतो याचा मला संताप आला. दोन दिवस पत्र लिहायचंच नाही असं ठरवलं. कालच एका इमारतीत लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईला बाहेर काढलं, ती रडत रडत माझे आभार मानत होती आणि मी तिच्यावरच खेकसलो. घरी येऊन बसलो. म्हटलं, लिहून मोकळा हो.

ऐका तर. मला कुणी धरलं नव्हतं. साडेनऊलाच चप्पल सापडली. मी कुणाला न सांगता सटकलो, तीन किलोमीटर चालून हायवेला आलो. वडापची जीप थांबली. नळदुर्ग, तुळजापूर, थेट. पुढं जागा होती. मी एक पाय आत टाकला होता, अप्पा. तुम्हाला बारापर्यंत गाठणं काही अवघड नव्हतं. पाच-दहा मिनिटं इकडं तिकडं.

तेवढ्यात वस्तीवरचा एक म्हातारा, लिंबाजी, सायकल दामटत आला. माझ्यासाठी नव्हे. त्यानं जीपवाल्यालाच हाक मारली. “आरं, वाटंत कुनी अय्या, जंगम दिसला तर पाठव रं हिकडं. आळंदच्या अय्याचा पाय मोडलाय, ते येत न्हाईत. घरभर मानसं उपाशी हायती. आन रुद्रम्मा, शरणबसप्पाची आई, शुगरची गोळी घिऊन बसलीय सकाळपासनं. घाम सुटलाय तिला. साकर हातावर ठिवली तर मूठ मिटून घेती, अय्या जेवल्याबिगर न्हाय म्हनती.”

जीपवाला म्हणाला, आता कुठला अय्या मिळणार. लिंबाजी तसाच उभा. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. माझं आडनाव त्या सबंध वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हतं. गौरीशंकर, बेंबळीचा, एवढंच मी सांगितलं होतं. आडनाव सांगायचं नाही ही माझी सात वर्षांची सवय आहे. ‘स्वामी’ म्हटलं की लोक पाया पडायला वाकतात. मी गप्प बसून जीपमध्ये चढलो असतो तर जगात कुणाला कळलं नसतं.

मीच म्हणालो, “मी जंगमाचा आहे.”

का म्हणालो, विचारू नका. मला माहीत नाही आणि मला त्याचा अजून राग येतोय. जीप गेली. मी लिंबाजीच्या सायकलवर मागं बसून परत गेलो आणि वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

वस्तीवर शरणबसप्पानं माझे पायच धरले. “अय्या, मंग आदी का न्हाय सांगितलंव?” मी त्याला बाजूला घेतलं, शर्टाची दोन बटणं काढली आणि मोकळा गळा दाखवला. म्हटलं, मी लिंग धारण करत नाही, सात वर्षं झाली. मी बसलो तर तुमच्या घराची फसवणूक होईल. त्याची आई मागं खांबाला टेकून बसली होती, तिनं ऐकलं. ओठ पांढरे पडले होते, हात कापत होते, पण कान शाबूत.

“कुनावर रागावून काडलं?”

“वडलांवर.”

“म्हंजी वड्याचं तेल वांग्यावर काडलंव म्हना की.”

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नाही. म्हणाली, “फसवायचं आसतं तर गळा दावला नसता तुमी. बर्री, कुंद्री. या, बसा. तुमी बसला की माज्या पोटात अन्न जाईल. म्होरचं तुमी आन शिव बगून घ्या.”

बसलो. तिनं माझे पाय धुतले. घरभर अनवाणी फिरलेले, हायवेची धूळ बसलेले ते पाय. मी हात आखडून घेत होतो. मंत्र अर्ध्यात विसरलो, तो तिनं पुरा केला. मग पान वाढलं. समोर भिंतीवर नवं घड्याळ, कुणीतरी आहेरात दिलेलं. अकरा चाळीस.

अप्पा, मी घास कोंबत होतो. पोरं दारात उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती, कधी संपतंय म्हणून. मी घाई केली की शरणबसप्पाची बायको म्हणायची, “सावकाश, अय्या,” आणि हुग्गीवर आणखी तूप ओतायची. उठावं असं दर घासाला वाटत होतं. अय्या पान अर्धं टाकून उठला तर त्या दिवशी ते घर अन्न शिवत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंय. मी आठ वर्षांचा होतो, तुमच्या शेजारी धाकट्या पाटावर बसायचो. बाराचे ठोके पडले तेव्हा पानात भात होता. तो मी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. मी उठलो, हात धुतले, मग रुद्रम्मा आजीनं पहिला घास घेतला. तिच्या तोंडावर रंग येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. त्यात आणखी वेळ गेला. ती खात होती आणि मी रडत होतो. लोकांना वाटलं, अय्यांना भक्ती दाटून आली.

आई गेली त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, उठला का नाहीत? तुम्ही म्हणालात, “पान वाढलं होतं.” त्या तीन शब्दांसाठी मी तुमचं तोंड बघायचं सोडलं. मला वाटायचं, माणूस इतका दगड कसा असेल. आता मला विचारलं तर मीही तेच म्हणेन, दुसरं काय म्हणणार? पहिल्या पत्रात बस पुढं केली, दुसऱ्यात आग्रह पुढं केला, ते याचसाठी. हे शब्द माझ्या हातून लिहायचे नव्हते.

पण मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. माझी बारा वाजताची वेळ चुकत होती, तुमची बायको मरत होती. हे सारखं नाही. तुम्ही उठायला हवं होतं. मला अजूनही तसंच वाटतं आणि मरेपर्यंत वाटेल. फक्त उठणं किती अवघड असतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत. एकदा तरी म्हणायचं होतं, गौरी, मला उठता आलं नाही रे. मी ऐकलं असतं. कदाचित नसतं ऐकलं.

माझं लिंग तुम्ही मठात बरोबर नेलंय असं शिवगंगा म्हणाली. ते मागायला मी येत नाहीये, आधीच सांगून ठेवतो.

आणि फोन ठेवता ठेवता तिनं आणखी एक सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, निदान थोडा राग शिल्लक राहिला असता. व्यंकटकडून मी वाटेत आहे हे कळल्यावर तुम्ही निघालाच नाहीत म्हणे. दोन वाजेपर्यंत दारात बसून होतात. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. तिनं ताट वाढून आणलं तर परत पाठवलंत, “पोरगं येऊ दे, मग बसतो,” म्हणालात. सकाळपासून पोटात काही नसताना तसेच गाडीत बसलात.

मी तेव्हा एका अनोळखी घरात तूप-हुग्गी खात होतो.

येत्या रविवारी, सोळा तारखेला, येतोय. तुम्ही ‘नको’ लिहिलं नाहीत, ते मी ‘ये’ असं वाचलं. अकरापर्यंत मठात पोचेन. वाटेत कुणी कितीही बोलावलं तरी जाणार नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण तुम्हाला दोनदा खोटं लिहून झालंय, तिसऱ्यांदा नको. उशीर झाला तर थांबा. उपाशी मात्र थांबू नका, अप्पा.

गौरी